सापाच्या पिल्लाचा उपवास

१. प्रश्न एक, वाटा दोन

“पिल्लू आणून दहा दिवस झाले. उंदीर पुढे धरला की मान वळवते, तोंड उघडत नाही. मरेल का हो?” नव्याने साप सांभाळणाऱ्या माणसाचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो, आणि आपल्याकडे तो दोन वाटांनी येतो. पहिली वाट परदेशी सापांची. आफ्रिकेतला बॉल पायथन हा शांत स्वभावाचा, चार फुटांच्या आसपास वाढणारा अजगर जगभर पाळला जातो. भारतातल्या हौशी लोकांकडेही तो आहे, आणि उपाशी राहण्याबद्दल पाळीव सापांत त्याचाच लौकिक सर्वांत मोठा आहे. दुसरी वाट आपल्या मातीतली. गोव्याच्या उत्तरेला, सिंधुदुर्गाला खेटून असलेल्या पेडणे आणि डिचोली तालुक्यांत पावसाला सुरुवात झाली की सड्यावर, कुळागरात, भातशेताच्या मेरेवर सापांची इवलीशी पिल्ले दिसू लागतात. धामण, नाग, दिवड यांची अंडी पावसाळ्याच्या आगेमागे फुटतात. घोणस तर थेट जिवंत पिल्लेच घालते. एखाद्या मुलाला असे पिल्लू सापडते, झाकणाला भोके पाडलेल्या बरणीत ते घरी येते, आणि आठवड्याने तोच प्रश्न उभा राहतो: हे काही खात का नाही?

दोन्ही वाटांनी येणाऱ्या पिल्लांची जात वेगळी, कायद्यातले स्थान वेगळे. तरी त्यांच्या न खाण्यामागचे कारण बहुतेक वेळा एकच असते, आणि या प्रकरणात तेच सिद्ध करायचे आहे. पिल्लाने तोंड मिटून घेतले याचा अर्थ ते हट्टी आहे असा होत नाही. बहुतेक वेळा ते आजारीही नसते. त्याच्या भोवतालात काहीतरी चुकलेले असते, आणि अशा भोवतालात खाणे त्याच्या शरीराला परवडत नाही. म्हणून उपाय त्याच्या तोंडात शोधायचा नाही, त्याला ठेवलेल्या जागेत शोधायचा.

२. सापाचे पोट आपल्या पोटासारखे नसते

उपाशी पिल्लू पाहून आपल्या पोटात कालवते, कारण आपण आपल्या भुकेने त्याची भूक मोजतो. माणूस, मांजर, उंदीर हे सगळे आतून सतत पेटत्या चुलीसारखे प्राणी आहेत. शरीर गरम ठेवण्यासाठी त्यांना रात्रंदिवस लाकूड घालावे लागते. उंदराएवढ्या लहान जिवाला तर दोन-तीन दिवसांची उपासमारही झेपत नाही. सापाची चूल वेगळी आहे. तो शरीराची ऊब बाहेरून घेतो: उन्हातून, तापलेल्या दगडातून, मातीतून. स्वयंपाक असेल तेव्हाच तो चूल पेटवतो आणि काम झाले की विझवतो. त्यामुळे तेवढ्याच वजनाच्या सस्तन प्राण्याच्या मानाने त्याला फारच थोडे अन्न पुरते.

हे केवळ उपमेपुरते नाही. अमेरिकेत मार्शल मॅक्क्यू या संशोधकाने ६२ सापांना सुमारे १६८ दिवस अन्नाविना ठेवून त्यांचे निरीक्षण केले; त्यांत बॉल पायथनही होते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसले की काही सापांनी आपला ऊर्जेचा खर्च ७२ टक्क्यांपर्यंत कमी केला होता आणि त्या उपवासातही त्यांची लांबी थोडी वाढली होती. निसर्गातही सापाचे ठरलेले उपवास असतात. भारतीय अजगराची मादी अंड्यांना वेटोळे घालून साधारण दोन महिने बसते आणि त्या काळात बहुधा काही खात नाही. कात टाकण्याच्या आधी डोळ्यांवर निळसर-दुधी पडदा येतो, तेव्हाही बहुतेक साप अन्नाला तोंड लावत नाहीत.

यावर कोणी म्हणेल, मोठ्या सापाचे ठीक आहे, पण पिल्लाजवळ एवढी शिदोरी कुठली? हा आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच पुढे वजनाचा हिशेब मांडला आहे. मात्र अंड्यातून येताना पिल्लूही रिकाम्या हाताने येत नाही. अंड्यातला बलक त्याच्या पोटात शोषला गेलेला असतो आणि पहिले काही दिवस ते त्यावरच जगते. बॉल पायथनचे पिल्लू साधारण आठवडा-दहा दिवसांनी पहिली कात टाकते, आणि त्यानंतरच त्याला पहिला घास द्यायचा असतो. त्याआधी ते खात नसेल तर काळजीचे काही कारण नाही.

आता या साऱ्याची दुसरी बाजू पाहू. चूल विझवून बसणाऱ्या प्राण्याला ती पुन्हा पेटवणे महागात पडते. स्टीफन सीकोर आणि जेरेड डायमंड यांनी ब्रह्मी अजगरावर केलेल्या अभ्यासांतून दिसले की भक्ष्य गिळल्यावर त्याचा ऊर्जेचा खर्च कित्येक पटींनी वाढतो आणि उपवासात आकसलेले लहान आतडे एक-दोन दिवसांत जवळपास दुपटीने जड होते. म्हणजे साप जेवतो तेव्हा आधी स्वयंपाकघर बांधतो आणि मग स्वयंपाक करतो. इतका खर्च करायचा तर पुढचे काही दिवस ऊब मिळेल आणि कोणी त्रास देणार नाही, याची खात्री हवी. पिल्लाचा नकार इथून सुरू होतो.

३. जांभ्याचा गडगा काय शिकवतो

कुळागराच्या हद्दीवर जांभ्या दगडांचा कोरडा गडगा असतो. चुना-सिमेंट न लावता, दगडावर दगड बसवलेला. तो नीट पाहिला तर सापाला काय हवे असते ते एका नजरेत कळते. गडग्याची एक बाजू उन्हाने तापलेली असते, दुसरी झाडांच्या सावलीत गार असते. मधल्या फटी अंधाऱ्या आणि अरुंद असतात. आत शिरलेल्या पिल्लाच्या अंगाला वरून, खालून, दोन्ही बाजूंनी दगड टेकतो. खाली पाचोळ्याचा ओलावा असतो, वर कोरडे असते. ऊब हवी तर पिल्लू वीतभर पुढे सरकते, गारवा हवा तर वीतभर मागे. ना उघड्यावर यावे लागते, ना कोणाच्या नजरेस पडावे लागते. भक्ष्य गिळले की ते उबेच्या बाजूच्या फटीत पडून राहते, आणि पचले की सरकते.

सापाच्या पचनाचा वेग तापमानावर ठरतो. पुरेशी ऊब नसेल तर पोटातले रस संथ होतात, गिळलेला उंदीर पचण्याआधी सडू लागतो आणि साप तो ओकून टाकतो. पिल्लासाठी ओकणे हे न खाण्यापेक्षा कितीतरी वाईट, कारण त्यात घास जातो, पाणी जाते, पोटातले रसही जातात. म्हणून गारठलेले पिल्लू अन्न नाकारते तेव्हा ते शहाणपणानेच वागत असते. चूल पेटलेली नसताना तांदूळ धुऊन चढवण्यात काय अर्थ?

इथे गोव्याचा माणूस हमखास विचारतो: आमच्याकडे बारा महिने उकाडा, मग पेटीला वेगळी ऊब कशाला? बॉल पायथनला पेटीच्या एका टोकाला ३१ ते ३२ अंश सेल्सियस आणि दुसऱ्या टोकाला २५ ते २७ अंश लागतात. जानेवारीच्या पहाटे पणजीचा पारा २० अंशांच्या आसपास येतो आणि घाटाच्या पायथ्याकडे सरकावे तसा आणखी उतरतो. जुलैच्या ढगाळ दिवसांत दुपारीही तो बहुधा तिशीच्या आत राहतो, आणि एसीच्या खोलीत तर २४ अंशांवर अडकतो. आपल्याला सुखाची वाटणारी हवा सापाच्या पोटाला अपुरी असते. उलट टोकाची चूकही तितकीच घातक: काचेची पेटी खिडकीतल्या उन्हात ठेवली तर अर्ध्या-पाऊण तासात पिल्लू भाजून मरू शकते, कारण गडग्यात असते तशी गार बाजू तिथे नसते. त्यामुळे नुसती उष्णता देऊन भागत नाही, सापाला निवड करता आली पाहिजे.

लपण्याच्या जागेचेही तसेच. हौसेने मोठी काचपेटी आणावी, आत दिवा लावावा, एक शोभेची फांदी ठेवावी आणि मध्यभागी पेनाएवढ्या जाडीचे पिल्लू सोडावे, म्हणजे माणसाला ते छान दिसते. पिल्लाच्या दृष्टीने मात्र ही मोकळ्या सड्यावर भर दुपारी पडून राहण्याची शिक्षा आहे. निसर्गात त्याच्यावर घार, मुंगूस, भारद्वाज सगळे टपलेले असतात. भक्ष्य गिळताना साप कित्येक मिनिटे पळू शकत नाही आणि चावूही शकत नाही, म्हणून उघड्यावर जेवणे त्याच्या स्वभावातच बसत नाही.

४. जन्माबरोबर आलेली वासाची यादी

ऊब आहे, आडोसा आहे, तरी पिल्लू खात नाही. मग तिसरी शक्यता तपासायची: जे दिले आहे ते त्याला अन्न वाटते आहे का? साप चवीपेक्षा वासाने ओळखतो. दुभंगलेली जीभ हवेतले कण गोळा करते आणि टाळूतल्या जेकबसनच्या इंद्रियापर्यंत पोहोचवते. तिथे ठरते की समोरची वस्तू अन्न, शत्रू की दगड. कोणते वास अन्नाचे, याची यादी पिल्लू जन्मतःच घेऊन येते. १९६० च्या दशकात गॉर्डन बर्गहार्ट यांनी कधीच काही न खाल्लेल्या नवजात गार्टर सापांपुढे कापसाचे बोळे धरले. नुसत्या पाण्याच्या बोळ्याकडे पिल्लांनी फारसे लक्ष दिले नाही. त्यांच्या जातीच्या भक्ष्याचा वास लावलेल्या बोळ्यावर त्यांनी जीभ भराभर चालवली आणि झेप घेतली. पुढे स्टीव्हन आर्नल्ड यांनी कॅलिफोर्नियात आणखी पुढची गोष्ट दाखवली. एकाच जातीच्या सापांत किनारपट्टीच्या पिल्लांपैकी बहुतेकांनी बिनशंखी गोगलगाय आवडीने खाल्ली, तर डोंगराकडच्या पिल्लांपैकी बहुतेकांनी ती नाकारली. आवडनिवड शिकलेली नव्हती, वारशाने आलेली होती.

आपल्या गावच्या सापांची यादी काढली तर हे लगेच पटते. दिवड मासे आणि बेडूक खाते. नानेटीला बेडूक लागतात. कवड्या रात्री पाली आणि सापसुरळ्या शोधत भिंतींवर चढतो. वाळा मुंग्या-वाळवीची अंडी आणि अळ्या खातो, खापरखवल्या गांडुळांवर जगतो, तर नागराज मुख्यतः दुसरे सापच गिळतो. धामण मोठेपणी उंदरांचा काळ असली तरी तिची पिल्ले सुरुवातीला बेडूक-सरड्यांवर वाढतात. बरणीतल्या नानेटीच्या पिल्लापुढे उंदराचे पिल्लू ठेवणे म्हणजे त्याच्यापुढे लाकडाचा तुकडा ठेवण्यासारखेच. ते खात नाही यात नवल काहीच नाही.

बॉल पायथनच्या यादीत उंदीर आहेत, पण त्यातही खाचाखोचा आहेत. या जातीच्या ओठांवर उष्णता ओळखणारे खळगे असतात, त्यामुळे त्याला भक्ष्य वासाने जसे कळते तसे उबेनेही कळते. गोठवलेला उंदीर नुसता वितळवून गार असतानाच पुढे ठेवला तर पिल्लाला वास येतो, पण ऊब जाणवत नाही, आणि दोन साक्षी जुळत नाहीत. शिवाय नायजेरियात लुइसेली आणि अँजेलिची यांनी केलेल्या अभ्यासात असे आढळले की या जातीचे लहान साप, विशेषतः नर, पक्षी मोठ्या प्रमाणात खातात. म्हणून उंदीर नाकारणारे पिल्लू त्याच उंदराला कोंबडीच्या पिल्लाचे पीस चोळल्यावर कधी कधी लगेच झडप घालते.

५. काय करायचे, आणि कोणत्या क्रमाने

क्रम महत्त्वाचा आहे. रोप रुजले की नाही हे पाहायला कोणी ते रोज उपटून पाहिले तर ते कधीच रुजणार नाही. घाबरलेला माणूस नेमके तेच करतो: सकाळी उंदीर, संध्याकाळी दुसरा उंदीर, मध्ये पिल्लाला हातात घेऊन कुरवाळणे, रात्री पेटी बदलणे. त्यामुळे पिल्लू अधिक घाबरते आणि कोणत्या बदलाने काय झाले हेही कळत नाही. म्हणून पहिले पाऊल प्रश्नाचे: ज्याच्याकडून पिल्लू आले त्याला विचारायचे की याने शेवटचे काय खाल्ले, केव्हा खाल्ले, आणि ते जिवंत होते की मेलेले. पिल्लाने याआधी स्वतःहून दोन-चार वेळा खाल्लेले नसेल तर ते घ्यायलाच नको होते. दुसरे पाऊल जागेचे. मोठ्या पेटीऐवजी झाकणाचा लहानसा प्लॅस्टिकचा डबा, खाली कागद, गरम टोकाला एक आणि गार टोकाला एक अशा दोन अरुंद लपण्याच्या जागा, मधल्या मोकळ्या भागात चुरगाळलेले कागद, बाहेरून झाकलेल्या भिंती आणि पाण्याचे भांडे. थोडक्यात, डब्यात गडगा बांधायचा. गरम टोकाला तापमान आटोक्यात ठेवणारा थर्मोस्टॅट हवा आणि पारा हाताने चाचपून न ठरवता थर्मामीटरने मोजायला हवा. पावसाळ्यात आपल्या हवेत ओलावा मुळातच भरपूर असतो. तेव्हा पाणी शिंपडण्यापेक्षा हवा खेळती ठेवून बुरशी टाळणे जास्त गरजेचे. वीज गेली तर कापडात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली डब्याच्या एका टोकाला बाहेरून टेकवावी.

तिसरे पाऊल सर्वांत अवघड, कारण त्यात काहीच करायचे नसते. पाच ते सात दिवस पिल्लाला हात लावायचा नाही, डोकावून पाहायचे नाही, फक्त पाणी बदलायचे. चौथ्या पावलात घास. पिल्लाच्या अंगाचा सर्वांत जाड भाग जेवढा असेल साधारण तेवढ्या जाडीचे भक्ष्य घ्यावे. वजनाने ते पिल्लाच्या दहा ते पंधरा टक्के असावे. ६५ ग्रॅमच्या पिल्लाला सात ते दहा ग्रॅमचे, नुकती लव फुटलेले उंदराचे पिल्लू पुरते. गोठवलेले असेल तर पूर्ण वितळवून, पिशवीत घालून गरम पाण्यात ठेवावे आणि हाताला स्पष्ट उबदार लागेल तेव्हा, दिवेलागणीनंतर, लांब चिमट्याने लपण्याच्या जागेच्या तोंडाशी हळू न्यावे. झेप घेतली तर झटक्याने हालचाल न करता मागे व्हावे. घेतले नाही तर ते तिथेच ठेवून झाकण लावावे. सकाळी तसेच असेल तर काढून टाकावे आणि पुढचे पाच-सात दिवस पुन्हा शांतता. दोन-तीन वेळा नकार आला तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची: आधी लपण्याची जागा अधिक अरुंद, मग भक्ष्य अधिक लहान, मग वास. खाऊ लागल्यावरही दोन-तीन दिवस पिल्लाला उचलायचे नाही.

जिवंत उंदीरच का देऊ नये, निसर्गात साप जिवंतच खातो ना, असे कोणी विचारेल. निसर्गात उंदराला पळता येते आणि सापालाही निघून जाता येते. डब्यात दोघांनाही वाट नसते, आणि न खाणाऱ्या सापाला रात्रभर कुरतडणारा उंदीर ही जगभरच्या पशुवैद्यांना परिचित असलेली जखम आहे. निसर्गाची नक्कल करायची तर पूर्ण करावी. अर्धी नक्कल क्रूर होते, उंदराच्या बाबतीतही.

६. घाबरायचे केव्हा? वजनाचा हिशेब

काळजी भावनेने करण्यापेक्षा काट्याने करावी. स्वयंपाकघरातला ग्रॅम दाखवणारा काटा आठवड्यातून एकदा पुरे. समजा, पिल्लू पहिल्या दिवशी ६५ ग्रॅम होते. पुढच्या आठवड्याला ६४, मग ६३, मग ६२. तीन आठवड्यांत तीन ग्रॅम गेले, म्हणजे साडेचार टक्क्यांच्या जवळपास. पिल्लू फिरते आहे, अंग भरलेले आहे, डोळे स्वच्छ आहेत. इथे वाट पाहणे योग्य. तेच पिल्लू तीन आठवड्यांत ५८ वर आले तर घट दहा टक्क्यांच्या पुढे गेली, आणि आता सापांचे ज्ञान असलेल्या पशुवैद्याकडे जायला हवे. दिवस किती झाले यापेक्षा वजन किती गेले हे जास्त सांगते. काही खुणा मात्र काट्याची वाट पाहू देत नाहीत: तोंड उघडे ठेवून श्वास घेणे, नाका-तोंडातून बुडबुडे, हिरड्यांवर पिवळट साका, पुन्हा पुन्हा ओकणे, पाठीचा कणा धारेसारखा वर दिसणे, खवल्यांखाली हलणारे बारीक काळे परजीवी. इथे पिल्लू खरोखर आजारी असते, आणि डब्याची मांडणी बदलून ते बरे होणार नाही.

७. जबरदस्तीचा घास आणि दुधाची वाटी

“पण तोंड उघडून भरवले तर?” हा सर्वांत मोहाचा प्रश्न. सापाच्या श्वासनलिकेचे तोंड त्याच्या जबड्यातच, पुढच्या भागात असते. अननुभवी हाताने ढकललेला घास किंवा पातळ पदार्थ तिथे गेला तर फुप्फुसात संसर्ग होतो. दात इतके नाजूक की ओढाताणीत मोडतात आणि तोंड सडायला निमित्त मिळते. एवढे होऊन घास गेला, तरी घाबरलेले आणि गारठलेले पिल्लू तो बऱ्याचदा ओकते. कधी तरी भरवणे हाच उरलेला मार्ग असतो हे खरे, पण तो पशुवैद्याच्या हातचा, शेवटचा उपाय आहे. ज्या चुकीमुळे पिल्लू खात नव्हते ती तशीच असेल, तर त्यालाही टिकणारे यश येत नाही.

दुधाचे तर नावही नको. नागपंचमीला गोव्यात आणि सिंधुदुर्गात घरोघर मातीचा नागोबा पूजतात, पातोळ्यांचा नैवेद्य होतो. ही सुंदर रीत आहे आणि तिने कोणत्याही सापाला इजा होत नाही. पण जिवंत सापापुढे दुधाची वाटी ठेवणे ही वेगळी गोष्ट. दूध हे सस्तन प्राण्यांच्या पिल्लांचे अन्न; सापाची आई पिल्लाला कधीच पाजत नाही आणि सापाचे पोट दुधासाठी घडलेले नाही. तहानेने व्याकूळ झालेला साप समोर येईल ते द्रव पितो, त्यालाच आपण आवड समजतो. त्याला हवे असते ते स्वच्छ पाणी.

८. बरणीतले पिल्लू

आता दुसऱ्या वाटेने आलेल्या पिल्लाकडे वळू. इथे कायदा स्पष्ट आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार या शब्दाच्या व्याख्येत पकडणेही येते, आणि या कायद्याने संरक्षण दिलेले आपल्या रानातले साप घरात ठेवता येत नाहीत. अजगराला तर त्यात सर्वांत कडक संरक्षण आहे. २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, आंतरराष्ट्रीय करारात नोंदलेल्या परदेशी जातींनाही कायद्याच्या कक्षेत आणले. बॉल पायथन त्यांपैकीच एक. २०२४ च्या नियमांनुसार असे प्राणी बाळगणाऱ्याला त्यांची नोंदणी करावी लागते. परदेशी आहे म्हणून विचारणारे कोणी नाही, हा समज आता चुकीचा आहे.

समजा कायदा नसता, तरी उत्तर बदलले नसते. आधीचे भाग वाचून पाहा: ऊब निवडण्याची सोय, अंगाला टेकणारी फट, जन्मजात यादीतला वास, शांतता. बरणीत यातले एकही नाही. ज्या गडग्याजवळ पिल्लू सापडले तिथे चारही आहेत. कोणी म्हणेल, एवढेसे पिल्लू आईशिवाय कसे जगेल, बाहेर त्याला मुंगूस खाईल. सापाची आई पिल्लांना भरवत नाही. अंड्याबाहेर आल्यापासून पिल्लू आपल्या पायांवर, म्हणायचे तर आपल्या पोटावर, उभे असते. बाहेर पुष्कळ पिल्ले मरतात हेही खरे आहे, पण काही जगतात, आणि जगलेली धामण भातशेतातल्या उंदरांवर लक्ष ठेवते. उंदरांच्या मुताने पसरणारा लेप्टोचा ताप पावसाळ्यात आपल्याकडे दरवर्षी डोके वर काढतो, हे विसरू नये. बरणीतल्या पिल्लाला मात्र जगण्याची संधीच नसते.

धोक्याची बाजूही आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्या पिल्लांना विष जन्मापासून असते. निरुपद्रवी कवड्या आणि जहाल मण्यार या दोघांच्याही अंगावर आडवे पांढरे पट्टे असतात, आणि वीतभर लांबीच्या पिल्लात फरक ओळखताना जाणतेही थबकतात. म्हणून पिल्लू पकडू नये आणि मारूही नये. घराबाहेर असेल तर त्याला जाऊ द्यावे. घरात असेल तर मुलांना दूर ठेवून, नजर त्याच्यावर ठेवून वन खात्याला किंवा प्रशिक्षित सर्पमित्राला बोलवावे, आणि ते सापडल्या जागेच्या जवळच सोडले जाईल असे पाहावे. आधीच बरणीत असेल तर झाकण न उघडता तेच करावे.

ज्यांच्याकडे नोंदणी केलेला परदेशी साप आहे त्यांनी त्याच्या डब्यात गडगा बांधावा, काटा जवळ ठेवावा आणि हात आवरावा. ज्यांच्या बरणीत गावचे पिल्लू आहे त्यांनी आजच वन खात्याला कळवावे. ते परतेल त्या गडग्याच्या फटींत पावसाळ्यात बेडूक आणि सापसुरळ्या भरपूर असतात. तिथे त्याला कोणी भरवण्याची गरज नसते.